पहिल्या तराफ्यावर कोण कोण होतं

अबुधाबीतल्या आमच्या फ्लॅटमधल्या बाथटबचा खरा उपयोग आम्ही एकदाच केला, आणि तोही बटाटे बुडवायला. एरवी आम्ही त्यात बादली ठेवून उभ्या-उभ्या आंघोळ करायचो. टबात बसून स्वतःच्याच मळात भिजत राहायचं, हे माझ्या सासऱ्यांना पटत नव्हतं आणि खरं सांगायचं तर मलाही नाही. पण त्या गुरुवारी दुपारी टब काठोकाठ भरला होता. माझी आठवीतली मुलगी गुडघे टेकून बसली होती, सासरे प्लास्टिकच्या स्टुलावर, आणि पाण्यावर कबाबाच्या काड्या दोऱ्याने बांधून केलेला एक तराफा हेलकावे खात होता. त्यावर बटाटे ठेवले होते. बटाटे म्हणजे माणसं. मी दारात उभी राहून ओरडत होते, कारण ती भाजी होती.

मुलीच्या शाळेचा प्रोजेक्ट होता. ऑस्ट्रेलियातले मूळ लोक, हजारो वर्षांपूर्वीचे, त्या भूमीवर का गेले आणि कसे गेले. विषय तिनेच निवडला होता. घरात दिवसरात्र ऑस्ट्रेलियाच चालू होतं ना! नवऱ्याने तिथल्या पीआरचा, म्हणजे कायमचं राहायच्या परवानगीचा, अर्ज भरला होता आणि उत्तर आज येतंय की उद्या, असं झालं होतं. आम्ही तिघं जाऊ शकत होतो. सासरे आमच्याबरोबर जाऊ शकत नव्हते, आणि एकटे राहू शकत नव्हते. एवढीच सगळी गोष्ट आहे. बाकीचं मी सांगते ते त्याच्या अवतीभवतीचं.

सासरे चिपळूणच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. जन्मभर त्यांनी माईकवरून लोकांना गाड्या सांगितल्या, त्यामुळे घरातही कानात सांगायची गोष्ट ते अख्ख्या मजल्याला ऐकवायचे. सासूबाई गेल्यावर ते एकटेच राहत होते. एकदा साखर उतरली आणि स्वयंपाकघरात पडले. शेजाऱ्यांनी दार फोडून बाहेर काढलं. नवरा एकुलता एक. तो गेला आणि त्यांना घेऊन आला. विमानतळावरून घरी येताना मला म्हणाले, "सूनबाई, मी महिनाभरच आहे हं." मी म्हटलं, "बरं बरं, आधी चहा घ्या." आमचं एकमेकांशी असंच चालायचं. ते चिमटे काढायचे, मी फटकारायचे, आणि दोघांचंही त्यावाचून भागायचं नाही.

आता इथली गंमत बघा. वडिलांचा रेसिडेन्स व्हिसा काढायचा तर पगाराची अट होती, आणि नवऱ्याचा पगार त्या अटीच्या जरासा खाली. मग राहिला व्हिजिट व्हिसा. तो दोन-तीन महिन्यांचा. संपला की माणसाने देशाबाहेर जायचं आणि नव्या व्हिसावर पुन्हा आत यायचं. दर खेपेला चिपळूणला कोण पाठवणार? म्हणून सगळे करायचे तेच आम्ही केलं. समोर, समुद्रापलीकडे इराणचं किश नावाचं बेट आहे. लहानशा विमानाने तिकडे जायचं, तिथल्या हॉटेलात बसायचं, इकडे घरच्यांनी नवा व्हिसा काढायचा, त्याची फॅक्स कॉपी तिकडे पोचली की परत. ह्याला सगळे 'व्हिसा चेंज' म्हणायचे. कपडे बदलावेत तसं. फॅक्स दोन दिवसांत येई, कधी आठवड्याने येई, कधी येतच नसे. इन्शाल्ला म्हणायचं आणि बसायचं.

पहिल्या खेपेला मी पार घाबरले होते. औषधांच्या पुड्या बांधून दिल्या, बिस्किटं दिली, खिशात आमचा फोन नंबर लिहून ठेवला. परत आले ते खुशीत. म्हणे हॉटेलच्या खालच्या हॉलमध्ये एक माणूस फॅक्सचे कागद घेऊन यायचा आणि नावं पुकारायचा, पण त्याचा आवाज तिसऱ्या रांगेलासुद्धा जायचा नाही. दुसऱ्या दिवशी सासऱ्यांनी त्याच्या हातातून कागद घेतला आणि स्वतः पुकारायला सुरुवात केली. फिलिपिनो पोरी, पंजाबी ड्रायव्हर, केरळी, श्रीलंकेचे, सगळ्यांची नावं चिपळूण स्टँडच्या सुरात. "लोक टाळ्या वाजवायचे गं," म्हणाले. मग म्हणाले, "पण ज्यांचं नाव यायचं नाही ना, ते संध्याकाळी किनाऱ्यावर जाऊन बसायचे. इकडे तोंड करून. दिसत काही नाही इकडचं. नुसतं पाणी."

नवऱ्याच्या डोक्यात ऑस्ट्रेलिया शिरलं ते नव्वद साली, कुवेतवर हल्ला झाला तेव्हा. आम्ही खिडक्यांच्या काचांना चिकटपट्ट्या लावून बसलो होतो. तिकडून निसटून आलेला त्याचा एक मित्र आमच्या हॉलमध्ये राहिला होता. पंधरा वर्षांचा संसार, आणि हातात एक बॅग. त्या मित्राला वाढताना माझ्या नवऱ्याचा चेहरा मी पाहिला. जिथून आपल्याला कुणी उठवणार नाही अशा ठिकाणी जायचं, हे त्याने तेव्हाच ठरवलं असावं. पुढे वर्षं गेली, कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत तो साइटवरून ऑफिसात आला, पण दर सहा महिन्यांनी कुणी ना कुणी 'कॅन्सल' व्हायचा. इथे नोकरी गेली असं म्हणत नाहीत, माणूसच कॅन्सल झाला म्हणतात. नवऱ्याच्या व्हिसावर मी, त्याच्याच व्हिसावर मुलगी, त्याच्याच सहीवर सासरे. तो कॅन्सल झाला की सगळी माळच तुटणार. मी म्हणायचे, "अहो, हातचं सोडून पळत्याच्या पाठी कशाला?" तो म्हणायचा, "हातचं आहे काय? दाखव." आणि माझ्याकडे खरंच दाखवायला काही नसायचं.

"आणि बाबांचं काय?" हे मी विचारलं की तो वर्तमानपत्र उघडायचा.

"आधी आपण जाऊ. मग बोलावू."

"कधी?"

"प्रोसीजर असते. आधी आपण तिथे सेटल व्हायचं, मग अर्ज, मग मेडिकल."

"साखर, ब्लडप्रेशर, एक डोळा गेलेला. त्या मेडिकलमध्ये त्यांना पास कोण करणार, तुम्ही?"

ह्यावर वर्तमानपत्राचं पान उलटायचं. सासरे हॉलमध्येच झोपायचे, तिथेच बसायचे. एवढ्याशा फ्लॅटमध्ये त्यांना ऐकू जात नव्हतं असं मानायला आम्ही काय कुक्कुली बाळं होतो? पण ते टीव्हीचा आवाज वाढवायचे, आणि आम्ही तिघंही सुटका झाल्यासारखं टीव्हीकडे बघायचो.

अशात हा प्रोजेक्ट आला. मुलीने शाळेच्या लायब्ररीतून पानं झेरॉक्स करून आणली होती. ती इंग्रजीत वाचायची, आजोबा मराठीत प्रश्न विचारायचे, ती इंग्रजीत उत्तर द्यायची आणि दोघांचं बिनबोभाट चालायचं. तिने सांगितलं की त्या काळी समुद्र खूप खाली होता. आज पाण्याखाली आहे ती पुष्कळशी जमीन उघडी होती. माणसं पिढ्यान्‌पिढ्या किनाऱ्याकिनाऱ्याने, बेटांवरून सरकत गेली. पण शेवटी खरा समुद्र लागलाच. पलीकडचा काठ दिसत नाही असा. तो त्यांनी ओलांडला, बहुतेक बांबूच्या तराफ्यांवरून.

"काठ दिसत नव्हता तर गेले कशाला मरायला?" सासरे म्हणाले.

"आजोबा, मे बी दे सॉ स्मोक." पलीकडे वणवे लागत असतील, त्यांचा धूर दिसला असेल, पक्षी तिकडे जाताना दिसले असतील. असं पुस्तकात होतं.

"धूर दिसला म्हणून कुणी घरदार सोडतं काय? आमच्याकडे होळीला सगळ्या डोंगरावर धूर असतो."

मी कणीक मळत होते. मी म्हटलं, "जावाजावांचं भांडण झालं असेल. एकीने म्हटलं असेल, मला ह्या बाईचं तोंड बघायचं नाही, काढा तराफा."

सोफ्यावरून नवरा म्हणाला, "बेटर प्रॉस्पेक्ट्स." आम्ही सगळे हसलो. त्या घरात त्या वर्षी आम्ही सगळे एकदम हसलो असं फार वेळा झालं नाही, म्हणून लक्षात आहे.

मुलीने आणखी एक सांगितलं. काही लोकांचं म्हणणं होतं की ते चुकून गेले, वादळात वाहत गेले. पण ते पटत नाही, कारण दोन-चार माणसं वाहत जाऊन तिथे अख्खी प्रजा उभी राहत नाही. पुरुष हवेत, बायका हव्यात, पुष्कळ हव्यात. म्हणजे ठरवून गेले. बायकामुलांसकट, पाणी बरोबर घेऊन, कदाचित मातीच्या गोळ्यावर विस्तव जपत. हे ऐकून सासऱ्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं. मग म्हणाले, "म्हणजे कोणाला न्यायचं, ह्याची बैठक झालेली आहे."

"बाबा, तुमचं काहीतरीच," मी म्हटलं.

"काहीतरीच काय? गाडीत जागा किती, माणसं किती, हे बघितल्याशिवाय गाडी सुटते का?" आणि नातीकडे वळून विचारलं, "म्हाताऱ्यांचं काय लिहिलंय?"

तिने पानं उलटसुलट केली. "नथिंग, आजोबा."

"काहीच नाही?"

"इट डझन्ट से."

"मला वाटतं, ते का गेले हे मला ठाऊक आहे," ते म्हणाले. "किशला बघितलं मी. किनाऱ्यावर बसून राहणं हे पाण्यात जाण्यापेक्षा वाईट. तिथली तरणी पोरं म्हणायची, आजोबा, पोहत गेलो असतो. धूर नाही नि काही नाही. बसून बसून कंटाळले असतील, जीव घाबरा झाला असेल, आणि एक दिवस उठले असतील."

हे तिने प्रोजेक्टमध्ये लिहिलं नाही. तिच्या टीचरला पुस्तकाचं नाव द्यावं लागायचं.

तर बाथटब. तराफा सासऱ्यांनी बांधला होता, गाठी मात्र चांगल्या मारल्या होत्या. मुलीला चार्टवर फोटो चिकटवायचा होता, तराफ्यावर माणसं मावतात असा. तिने बारीक बारीक बटाटे निवडून एकेक ठेवले. हे डॅडी, ही आई, ही मी. सगळ्यात मोठा बटाटा घेऊन म्हणाली, "अँड धिस इज यू." तो ठेवल्याबरोबर तराफा एका बाजूला कलला आणि सगळी मंडळी पाण्यात. ती खिदळली. पुन्हा रचले, पुन्हा कलला. मोठा मध्ये ठेवला तर काड्याच पाण्याखाली गेल्या.

सासऱ्यांनी हात घालून तो मोठा बटाटा उचलला, पंचाला पुसला आणि टबाच्या काठावर ठेवला. उरलेल्यांना घेऊन तराफा छान सरळ तरंगायला लागला. त्यांनी बोटाने हलकेच लोटला, तो पार नळापर्यंत गेला.

"बघ, कसा झकास चालला," ते म्हणाले. "काढ फोटो."

मुलीने काढला. तिला त्यात काही वाटलं नाही, तेरा वर्षांची पोर ती. पण ते माझ्याकडे बघत होते, आणि हसत होते, आणि मला इतका संताप आला की मी पुढे झाले, काठावरचा बटाटा उचलला आणि ओट्यावर नेऊन सोलून टाकला. माणसाने स्वतःबद्दल असला विनोद करू नये, ऐकणाऱ्याला तोंड लपवायला जागा राहत नाही.

प्रोजेक्टला चांगले मार्क मिळाले. शाळेतून आली तेव्हा मुलगी जरा विचारात होती. तिच्या टीचरने सांगितलं होतं की हे झालं शास्त्रज्ञांचं, पण तिथले मूळ लोक स्वतः वेगळंच सांगतात. त्यांच्यातले कितीतरी म्हणतात, आम्ही कुठून आलोच नाही, आम्ही इथलेच, ह्या भूमीनेच आम्हाला घडवलं. काही जमातींत पूर्वज समुद्रावरून आले अशाही गोष्टी आहेत. पण आता ती जमीन त्यांची, ह्याबद्दल त्यांच्या मनात शंका नाही.

"असं म्हणता यायला पाहिजे," सासरे म्हणाले. "भाग्य लागतं."

तिने विचारलं, "सो व्हेअर आर वी फ्रॉम?"

कोण काय सांगणार? जन्म इथल्या हॉस्पिटलमधला, पासपोर्ट भारताचा, व्हिसा बापाच्या नावाचा, आणि डोळे ऑस्ट्रेलियाकडे. चिपळूणला गेली की तिला डास चावतात आणि इथे उन्हाळ्यात चिपळूण आठवतं. मी तिला म्हटलं, "तू माझी आहेस, जा हातपाय धू." ते काही उत्तर नव्हतं, पण माझ्याजवळ तेवढंच होतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत पीआरचं पत्र आलं. अमुक तारखेच्या आत तिथे पाऊल ठेवायला हवं, नाहीतर सगळं रद्द. नवऱ्याने पेढे आणले. सासऱ्यांनी सगळ्यांच्या आधी एक उचलला, साखर असून. "शाब्बास," म्हणाले आणि मुलाच्या पाठीवर थाप मारली. थाप जोरातच बसली.

मग सुरू झालं. नवऱ्याने पनवेलजवळच्या एका वृद्धाश्रमात फोन केला. बाल्कनीत उभा राहून, दार लावून. मी दार उघडून बाहेर गेले. मी त्याला नको नको ते बोलले. मी म्हटलं, मी नाही येत, मी इथे बाबांजवळ राहते, तुम्ही जा. तो हताश होऊन म्हणाला, "अगं, इथे कशी राहशील? मी गेलो की माझा व्हिसा संपला. माझा संपला की तुझा." खरंच की. इतकी वर्षं राहून ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. ज्या घरात मी चिंचगुळाची आमटी केली, जिथे मुलगी रांगली, तिथे नवऱ्याशिवाय राहायची मला परवानगीच नव्हती. "मग चिपळूणला जाते, मुलीला घेऊन," मी म्हटलं. "आणि तिचं शिक्षण? आणि मी तिथे एकटा?" तो म्हणाला. त्याचंही काही चुकत नव्हतं. आपलेच दात, आपलेच ओठ. शेवटी आम्ही दोघंही त्या बाल्कनीत एसीच्या पाण्याच्या बादलीशेजारी नुसते उभे राहिलो. तो रडला. मला वाईट वाटलं आणि त्याला जवळ घ्यावंसंही वाटलं नाही.

आत सासऱ्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला होता.

त्यांचा व्हिसा पुन्हा संपत आला होता. ह्या खेपेला तेच मागे लागले, लवकर पाठवा, किशची हवा चांगली असते. मी म्हटलं, "हवा कसली डोंबलाची! खोलीत सहा-सहा माणसं कोंबतात." ते म्हणाले, "तिथे माझी वाट बघतात. माझ्याशिवाय नावं कोण पुकारणार?" जाताना त्यांनी माझ्या हातचा भात आणि कालवण पोटभर खाल्लं. कधी नाही ते "बरं झालंय" असं म्हणाले. एरवी मीठ कमीच असायचं.

व्हिसा यायला ह्या वेळी उशीर झाला. ते एक दिवसाआड फोन करायचे, नातीशीच बोलायचे. शेवटी व्हिसा निघाला. फॅक्स त्यांना गेला. मूळ कागद दुबईच्या विमानतळावरच्या खिडकीत जमा करायचा असतो. उतरलेल्या माणसाने आत त्या खिडकीवर जाऊन तो घ्यायचा, मगच बाहेर यायचं. शुक्रवार होता, म्हणून आम्ही तिघंही गाडीने दुबईला गेलो. कागद जमा केला, पावती घेतली आणि बाहेर कठड्याला टेकून उभे राहिलो.

किशचं विमान उतरलं. त्याची माणसं ओळखू यायचीच. हातात एकच पिशवी, अंगावर चुरगळलेले कपडे, आणि चेहऱ्यावर परीक्षेत पास झाल्यासारखा आनंद. एकेक बाहेर आले. ज्याला त्याला घ्यायला कुणी आलं होतं. गर्दी ओसरली. दुसऱ्या विमानाची माणसं यायला लागली. मी म्हटलं, "बाथरूमला गेले असतील." मग म्हटलं, "साखर तर उतरली नाही ना?" नवरा धावत खिडकीवर गेला. तिथल्या माणसाने बघून सांगितलं, कागद इथेच आहे, कुणी घ्यायला आलं नाही.

तेवढ्यात त्याचा मोबाइल वाजला.

"बाबा! कुठे आहात?"

सासऱ्यांचा आवाज मला शेजारी उभं राहून ऐकू येत होता. "आतच आहे. मुंबईच्या विमानाच्या दाराशी."

व्हिजिट व्हिसावर येणाऱ्याकडे परतीचं तिकीट असावंच लागतं. ते त्यांच्या पासपोर्टच्या पाकिटात पहिल्यापासून होतं. किशच्या हॉटेलातल्या ट्रॅव्हल एजंटकडून त्यांनी त्यावर जागा पक्की करून घेतली होती. देशात पाऊल न ठेवता, आतल्या आत, ह्या विमानातून त्या विमानात.

"बाबा, व्हिसा आलाय. खिडकीवर आहे. पासपोर्ट दाखवा आणि बाहेर या."

"खिडकी बघितली मी. तिच्यासमोरूनच आलो. चिपळूणची किल्ली शेजाऱ्यांकडे आहे, त्यांना फोन केलाय."

मी फोन हिसकावून घेतला. मी काय बोलले ते मला नीट आठवत नाही. आचरटपणा म्हटलं, हट्टी म्हटलं, पुन्हा पडलात तर कोण आहे तिथे, लोक आमच्या तोंडात शेण घालतील, असंही म्हटलं. आजूबाजूचे लोक बघत होते. त्यांनी मला पूर्ण बोलू दिलं.

"झालं?" म्हणाले. "तू म्हणतेस ते सगळं खरं आहे."

"मग या बाहेर!"

"अगं, तुमच्यापैकी कुणी मला जा म्हणालं नाही. म्हणणारही नव्हतात. म्हणून तर."

मुलीने माझा हात धरून फोन ओढला. आजोबांशी जन्मात मराठीत न बोललेली पोर म्हणाली, "आजोबा, या ना. आम्ही इथेच आहोत." ते तिच्याशी काय बोलले ते तिने आजवर मला सांगितलेलं नाही. तिने फोन बापाकडे दिला.

नवरा म्हणाला, "पाच मिनिटं, बाबा. नुसतं भेटून जा. मी परत आत सोडतो तुम्हाला."

"नको. भेटलो तर जाणार नाही," सासरे म्हणाले. आणि त्यांनी फोन ठेवला.

पुढचं थोडक्यात सांगते. आम्ही थंडीत ऑस्ट्रेलियाला गेलो. त्यांना तिकडे बोलावण्यासाठी अर्ज करायची वेळ येण्याआधीच चिपळूणहून फोन आला. साखरच उतरली होती, मागच्यासारखी स्वयंपाकघरात. ह्या वेळी शेजाऱ्यांना दार फोडावं लागलं नाही, किल्ली त्यांच्याकडे होती. पण त्यांनी उघडलं तेव्हा उशीर झाला होता. नवरा तिकडे वेळेवर पोचला नाही.

त्या शुक्रवारचं मात्र एक सांगायचं राहिलं. विमानतळावरून आम्ही निघालो, अबुधाबीच्या रस्त्याला लागलो. बराच रस्ता संपल्यावर नवऱ्याने गाडी कडेला घेतली. दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच ठेवून तो समोर बघत राहिला. मला वाटलं, रडेल. तो अगदी हळू, माझ्याशीच बोलल्यासारखा म्हणाला, "त्यांनी फोन ठेवला ना, तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं."

मी त्याच्याकडे पाहिलं नाही. मी मागे वळून पाहिलं. मागच्या सीटवर मुलगी सरळ बसली होती, आणि तिने ते ऐकलं होतं.